वर शून्य, खाली शून्य: भागाकारात आणि अपूर्णांकांत शून्य कसं हाताळायचं

शून्याला पाचाने भागलं तर किती, आणि पाचाला शून्याने भागलं तर किती? पहिल्याचं उत्तर बरेच जण चाचरत देतात. दुसऱ्यापाशी गाडी अडतेच. कुणी शून्य सांगतं, कुणी अनंत, कुणी ‘उत्तर येत नाही’ म्हणतं आणि का येत नाही असं विचारलं की ‘नियमच आहे तसा’ म्हणून विषय मिटवतं. घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक, शिष्यवृत्तीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, बऱ्याच वर्षांनी गणिताकडे वळलेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. यातला एकही नियम पाठ करायची गरज नाही. भागाकार झाल्यावर गुरुजी ‘ताळा करून बघ’ म्हणायचे ना, तो ताळा नीट समजला की शून्याचे जवळजवळ सगळे प्रश्न तिथेच सुटतात. एक वही-पेन घेऊन बसा आणि उदाहरणं सोबत सोडवत चला.

पायरी १: आधी ताळा पक्का करा

१७ ला ५ ने भागा. भाज्य १७, भाजक ५, भागाकार ३, बाकी २. ताळा असा:

भाजक × भागाकार + बाकी = भाज्य
५ × ३ + २ = १७

याच्याबरोबर एक अट असते, आणि ती सांगायची बहुतेक वेळा राहून जाते: बाकी भाजकापेक्षा लहान हवी. ही अट नसेल तर ‘भागाकार २, बाकी ७’ हेही उत्तर चालेल आणि ‘भागाकार १, बाकी १२’ हेही. ५ × २ + ७ = १७, ५ × १ + १२ = १७, ताळा दोन्हींचा जुळतो. अटीमुळे या सगळ्यांतून एकच जोडी उरते.

म्हणजे भागाकार ‘झाला’ असं म्हणताना आपण दोन गोष्टी धरून चालतो. उत्तर मिळतं, आणि ते एकच असतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाजक शून्य झाला की यातली एक ना एक मोडते.

अपूर्णांकाला वेगळं काही लागत नाही. ३/४ म्हणजे ३ भागिले ४. वरचा अंश हा भाज्य, खालचा छेद हा भाजक. त्यामुळे भागाकाराबद्दल जे ठरेल ते अपूर्णांकाला जसंच्या तसं लागू.

पायरी २: शून्य वर असेल तर

०/५ म्हणजे किती? ताळा लावा: ५ × ? = ०. पाचाला एखाद्या संख्येने गुणून शून्य यायचं असेल तर ती संख्या शून्यच हवी. दुसरी कुठलीही चालत नाही. उत्तर मिळालं आणि एकच मिळालं, म्हणून ०/५ = ०. बेरीज-वजाबाकीइतकंच सरळ उत्तर. ०/१००, ०/७, ०/(−३) हे सगळे सममूल्य, सगळ्यांची किंमत शून्य.

इथे मुलं हमखास एक घोटाळा करतात. ० ÷ ५ दिसलं की ‘भाग जात नाही’ असं लिहून मोकळी होतात. उलट शून्याला पाचाने पूर्ण भाग जातो: भागाकार ०, बाकी ०. शून्य ही सम संख्या का मानतात, याचंही उत्तर यातच आहे. ० ÷ २ केलं की बाकी ० उरते, आणि दोनने निःशेष भाग जाणारी संख्या सम.

आठवी-नववीपासून हाच मुद्दा उलट्या बाजूने येतो. अपूर्णांकाची किंमत शून्य केव्हा? अंश शून्य असेल आणि छेद शून्य नसेल, तेव्हाच. ‘आणि’नंतरचा भाग विसरला की गुण जातात. उदाहरणार्थ:

(क्ष² − ४)/(क्ष − २) = ०

अंश शून्य धरला की क्ष² = ४, म्हणजे क्ष = २ किंवा क्ष = −२. आता दोन्ही किमती छेदात घालून पाहा. क्ष = −२ घेतलं तर छेद −४, ठीक. क्ष = २ घेतलं तर छेदही शून्य, म्हणून ती किंमत बाद. उत्तर फक्त −२. छेद तपासल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढायची नाही, ही सवय आत्ताच लावून घ्या.

पायरी ३: शून्य खाली असेल तर

५ ÷ ०. ताळा: ० × ? = ५. शून्याला एकने गुणा, हजाराने गुणा, शून्यच येतं, पाच कधी येत नाही. म्हणजे उत्तर मिळतच नाही. ‘पण बाकी ठेवून चालेल की’ असं एखादं चुणचुणीत मूल म्हणतं, आणि त्याचा प्रश्न बरोबर असतो. ० × ० + ५ = ५, मग भागाकार ० आणि बाकी ५ का नको? आता ती अट आठवा. बाकी भाजकापेक्षा लहान हवी, आणि भाजक आहे शून्य. ५ हे शून्यापेक्षा लहान नाही. शिवाय भागाकार शून्याऐवजी १०० लिहिला तरी ० × १०० + ५ = ५ होतंच. कुठलाही आकडा लिहा, बाकी पाचच्या पाच. भाज्यातून काही कमीच झालं नाही, मग भाग दिला कुठे?

भागाकार म्हणजे पुन्हापुन्हा केलेली वजाबाकी, असंही आपण शिकतो. २० मधून ५ चार वेळा वजा होतात, म्हणून २० ÷ ५ = ४. २० मधून ० वजा करत बसलात तर २० तसेच राहतात. विजेवर चालणारी जुनी यांत्रिक गणनयंत्रं अशा वजाबाकीनेच भागाकार करायची. त्यांच्यावर शून्याने भाग द्यायला सांगितलं की चाकं फिरतच राहायची, कुणीतरी थांबवेपर्यंत.

आता ० ÷ ०. इथे अडचण उलटी आहे. ताळा: ० × ? = ०. एक चालतो, सात चालतो, −२५ चालतो, सगळंच चालतं. उत्तरं हवी तेवढी, त्यामुळे ‘एकच उत्तर’ ही गोष्ट मोडली. कुणी म्हणतं, संख्येला त्याच संख्येने भागलं की १ येतो, म्हणून ०/० = १. कुणी म्हणतं, वर शून्य म्हणून उत्तर शून्य. ताळा दोघांनाही होकार देतो, आणि म्हणूनच त्यातलं एकही निवडता येत नाही.

५/० आणि ०/० या दोन्हींना ‘भाग देता येत नाही’ असंच म्हणतात, पण कारणं वेगळी आहेत. पहिल्यात उत्तरच नाही, म्हणून त्याला अर्थ नाही; दुसऱ्यात कुठलंही उत्तर बसतं, म्हणून ते अनिश्चित. मुलांना शिकवताना ही दोन्ही उदाहरणं एकापाठोपाठ एक फळ्यावर मांडा. नुसतं ‘शून्याने भागायचं नाही’ सांगण्यापेक्षा ते कितीतरी जास्त पोचतं.

मग अनंत का नाही?

हा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. कॅल्क्युलेटर घ्या आणि करून पाहा:

५ ÷ १ = ५
५ ÷ ०.१ = ५०
५ ÷ ०.०१ = ५००
५ ÷ ०.००१ = ५०००

भाजक शून्याच्या जवळ सरकतो तसं उत्तर वाढत जातं. त्यावरून ५ ÷ ० = अनंत असं म्हणायचा मोह होतो. पण शून्याच्या जवळ दुसऱ्या बाजूनेही जाता येतं:

५ ÷ (−०.१) = −५०
५ ÷ (−०.०१) = −५००
५ ÷ (−०.००१) = −५०००

उजवीकडून आलात तर उत्तर वर वर चाललंय, डावीकडून आलात तर खाली खाली. नेमक्या शून्यावर कुठलं धरायचं? आणि समजा, धरलं अनंत. मग ७ ÷ ० सुद्धा अनंतच. आता ताळा करा: ० × अनंत म्हणजे ५ की ७? ताळा जुळत नाही, म्हणून नेहमीच्या अंकगणितात ‘अनंत’ हे भागाकाराचं उत्तर म्हणून लिहीत नाहीत. ‘धन भाजक शून्याकडे जाताना उत्तर अमर्याद वाढतं’ हे वाक्य बरोबर आहे. ‘शून्याने भागल्यावर अनंत येतं’ हे वेगळं वाक्य आहे.

पायरी ४: उत्तरात येणारं शून्य

आतापर्यंत शून्य ही संख्या म्हणून आली. पण पाचवी-सहावीत सर्वांत जास्त गुण जातात ते शून्य या अंकामुळे, म्हणजे मोठ्या भागाकारात वर लिहायचं राहून गेलेल्या शून्यामुळे. या पायरीला घाई करू नका.

६१८ ÷ ६ घ्या.

शतकस्थानी ६. सहा एके सहा, वर १ लिहिला, बाकी ०. आता दशकस्थानचा १ खाली उतरवला. १ मध्ये ६ चा भाग जात नाही. नेमकी इथे चूक होते. भाग जात नाही म्हणून मूल वर काहीच न लिहिता सरळ ८ खाली घेतं, १८ होतात, सहा त्रिक अठरा, वर ३. उत्तर १३. सगळे पाढे बरोबर, वजाबाक्या बरोबर, उत्तर मात्र साफ चूक.

भाग गेला नाही, याचीही नोंद वर करावी लागते, आणि ती नोंद म्हणजे शून्य. दशकस्थानी ६ चा भाग शून्य वेळा गेला, म्हणून १ च्या पुढे ०. मग ८ उतरवा, १८, वर ३. उत्तर १०३. ताळा: ६ × १३ = ७८, ६ × १०३ = ६१८. मुलाला ओरडण्याऐवजी ७८ आणि ६१८ शेजारी लिहून दाखवा, चूक त्याची त्याला दिसते.

एक पक्की खूण सांगतो: भागाकाराचा पहिला अंक वर लिहून झाला की त्यानंतर खाली उतरवलेल्या प्रत्येक अंकामागे वर एक अंक आलाच पाहिजे. एक उतरवला, एक लिहिला. काही नसेल तर शून्य. यावरून भागाकार सुरू करण्याआधीच उत्तर किती अंकी येणार हे सांगता येतं. ४०३२ ÷ ८ मध्ये ४ ला भाग जात नाही, ४० ला जातो, पुढे ३ आणि २ असे दोन अंक उरतात, म्हणून उत्तर तीन अंकी. करून पाहा: ४० मध्ये ८ पाच वेळा, ३ मध्ये शून्य वेळा, ३२ मध्ये चार वेळा. ५०४. कुणी ५४ आणलं तर अंक मोजूनच कळतं की काहीतरी सुटलंय.

आता ही सोडवा: २०१० ÷ ५, ८४० ÷ ४, ९०१८ ÷ ९. उत्तरं अनुक्रमे ४०२, २१०, १००२. ८४० मध्ये शेवटी बाकी शून्य आली म्हणून काम संपलं असं वाटतं आणि २१ लिहून वही मिटली जाते. पण एककस्थानचा ० अजून उतरवायचा असतो. ९०१८ मध्ये लागोपाठ दोन शून्यं येतात, चांगली कसोटी आहे.

दशांश चिन्हानंतरही हीच शिस्त. १ ÷ १६ करा. १ मध्ये १६ जात नाही, वर ० आणि दशांश चिन्ह. १ चे १० दशांश झाले, त्यातही १६ जात नाही, पुन्हा ०. मग १०० मध्ये सहा वेळा (९६), उरले ४. ४० मध्ये दोन वेळा (३२), उरले ८. ८० मध्ये पाच वेळा. उत्तर ०.०६२५. मधलं शून्य गाळलं तर ०.६२५ होतं, आणि ते आहे ५/८. म्हणजे उत्तर एकदम दहापट.

पायरी ५: शून्यं कापताना

४५००/९०० मध्ये वरची दोन आणि खालची दोन शून्यं कापून ४५/९ = ५ करतो. हे चालतं, कारण शेवटचं शून्य कापणं म्हणजे अंशाला आणि छेदाला दोन्हीकडे १० ने भागणं. म्हणून फक्त शेवटची शून्यं कापायची, आणि दोन्हीकडे सारखीच. १०५/२०५ मधली मधली शून्यं कापून १५/२५ करणारे आहेत. १५/२५ म्हणजे ३/५. खरं उत्तर ५ ने भागून २१/४१.

बाकी काढायची असेल तर मात्र शेवटची शून्यं कापतानाही जपून. ७०० ÷ ३००. शून्यं कापली, ७ ÷ ३, भागाकार २, बाकी १. भागाकार बरोबर, बाकी चूक. ताळा पाहा: ३०० × २ + १ = ६०१. खरी बाकी १००. सातशे रुपयांत तीनशेची दोन तिकिटं काढली तर हातात शंभर उरतात. जेवढी शून्यं कापली तेवढी बाकीला परत लावायची. स्पर्धा परीक्षांच्या पर्यायांत १ आणि १०० ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवलेली असू शकतात, तेव्हा सावध.

आणि ६ ÷ ०.०२ सारखं गणित पाहून बिचकू नका. ०.०२ मध्ये शून्यं दिसतात, पण ती संख्या शून्य नाही. दोन्हीकडे १०० ने गुणा: ६०० ÷ २ = ३००.

पायरी ६: अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना

‘दुसरा उलटा करा आणि गुणा’ हे सगळ्यांना येतं. ०/५ ÷ ३/४ = ०/५ × ४/३ = ०. काही अडचण नाही. पण ३/४ ÷ ०/५ मध्ये उलटं केलं की ५/० येतो आणि गणित तिथेच थांबतं. कारण ०/५ म्हणजे शून्यच, आणि शून्याचा गुणाकार व्यस्त नसतो: ० × ? = १ याला उत्तर नाही. भाजकात ०/५, ३ − ३ किंवा ०.००, कोणताही वेश घेऊन आलं तरी शून्य ते शून्यच. बेरजेत मात्र शून्य अंश सोयीचा. ०/४ + ३/५ साठी छेद समान करत बसू नका, उत्तर ३/५.

पायरी ७: लपून बसलेलं शून्य

बीजगणितात शून्य उघड दिसत नाही, अक्षरामागे लपतं. हे समीकरण घ्या:

क्ष² = ५क्ष

दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं, क्ष = ५. झालं? नाही. भागताना आपण क्ष शून्य नाही असं न सांगता धरलं. क्ष = ० घालून पाहा: डावीकडे ०, उजवीकडे ०, समीकरण जुळतं. म्हणजे एक उत्तर भागाकाराने गिळलं. बरोबर रीत अशी: क्ष² − ५क्ष = ०, म्हणून क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ५. अक्षराने भागायची वेळ आली की आधी स्वतःला विचारा, हे शून्य असू शकेल का? असेल तर भागू नका, सगळं एका बाजूला घेऊन अवयव पाडा.

‘१ = २ सिद्ध करून दाखवतो’ अशा ज्या सिद्धता मोबाइलवर फिरतात, त्यातल्या बहुतेकांत हेच शून्य दडलेलं असतं. सगळं सोलून काढलं की आत एवढंच उरतं: ४ × (३ − ३) = ९ × (३ − ३), दोन्ही बाजूंना शून्य, इथपर्यंत खरं. मग कंस कापला, ४ = ९. कंस कापणं म्हणजे शून्याने भागणं. अशी सिद्धता आली की कुठली ओळ ‘दोन्ही बाजूंना भागून’ आली आहे ते शोधा आणि त्या भाजकाची किंमत काढा.

दहावीच्या भूमितीत हीच गोष्ट चढाच्या रूपात भेटते. आडव्या रेषेचा चढ शून्य, कारण वर शून्य येतं. उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही, कारण खाली शून्य येतं. टॅन ९० अंशाचंही तसंच, साइन ९० भागिले कोसाइन ९० म्हणजे १/०.

पायरी ८: एक्सेलमध्ये, संगणकात आणि धावफलकावर

क्रिकेटची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला ती संख्या. डावांची संख्या नव्हे. डॉन ब्रॅडमन १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या कसोटीत फलंदाजीला उतरले तेव्हा त्यांच्या नावावर ६९९६ धावा होत्या आणि ते ६९ वेळा बाद झाले होते. सरासरी १०१.३९. एरिक हॉलीजने त्यांना शून्यावर त्रिफळाबाद केलं. अंश तसाच राहिला, छेद ७० झाला, सरासरी ९९.९४ वर आली. चार धावा झाल्या असत्या तर ७००० ÷ ७०, बरोबर १००.

आता याच सूत्रात शून्य छेदात घाला. एखादा नवखा खेळाडू एकाच डावात नाबाद ४५ आहे. सरासरी ४५/०. धावफलकावर तिथे नुसती आडवी रेघ असते. एकही बळी न मिळालेल्या गोलंदाजाच्या सरासरीपुढेही रेघच. एकही चेंडू न खेळता धावबाद झालेल्याचा स्ट्राइक रेट ०/०, तिथेही रेघ. आणि पाच चेंडू खेळून शून्यावर बाद झालेल्याचा? ०/५ × १०० = ०, तिथे आकडा येतो. शून्य आणि रेघ यांतला फरक क्रिकेट पाहणाऱ्या मुलाला या एका उदाहरणाने समजतो.

ऑफिसात एक्सेलमध्ये टक्केवारीचे तक्ते करणाऱ्यांनी हा फरक जरूर पाळावा. छेदाच्या रकान्यात शून्य असलं किंवा तो रिकामा असला की एक्सेल हॅश-डिव्ह-झिरो अशी त्रुटी दाखवतं. ती दिसायला वाईट म्हणून बरेच जण तिथे ० येईल अशी सोय करतात. हे करू नका. समजा, एका केंद्रावर १२ मुलं परीक्षेला बसली आणि एकही उत्तीर्ण झालं नाही: ०/१२, निकाल ० टक्के. दुसऱ्या केंद्रावर कुणी बसलंच नाही: ०/०. तिथेही ० टक्के छापलं, तर जिथे परीक्षाच झाली नाही ते केंद्र नापास ठरतं आणि सगळ्या केंद्रांची सरासरी काढली की तीही खाली येते. ‘आयएफ’ हे सूत्र वापरून आधी छेद शून्य आहे का ते तपासा, असेल तर रकान्यात रेघ किंवा ‘लागू नाही’ येऊ द्या. कुठलीही त्रुटी लपवणाऱ्या ‘आयएफएरर’ या सूत्राने सरसकट झाकाल तर दुसऱ्या कारणाने आलेल्या चुकाही झाकल्या जातील.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना इथे एक कोडं पडतं. पायथॉनमध्ये १/० लिहिलं की ‘झिरो डिव्हिजन एरर’ येऊन काम थांबतं. जावास्क्रिप्टमध्ये त्याच गणिताला ‘इन्फिनिटी’ असं उत्तर येतं. मग वर आपण अनंत नाही म्हटलं ते काय? संगणकातल्या दशांश संख्यांसाठी १९८५ साली आयईईई ७५४ नावाचं मानक ठरलं. मोठं गणित मध्येच बंद पडू नये म्हणून त्यात अशा वेळी ‘इन्फिनिटी’ ही खूण ठेवायची सोय आहे, आणि ०/० साठी ‘नॅन’, म्हणजे ही संख्याच नव्हे, अशी दुसरी खूण. तिथेही ताळा करून पाहा: ‘इन्फिनिटी’ला शून्याने गुणा. उत्तर १ येत नाही, ‘नॅन’ येतं. या मानकात धन शून्य आणि ऋण शून्य वेगळे ठेवले आहेत आणि १ भागिले ऋण शून्य केलं की ‘ऋण इन्फिनिटी’ मिळते, म्हणजे मघाच्या दोन दिशा तिथेही सुटलेल्या नाहीत.

भाजक न तपासण्याची किंमत कधी कधी फार मोठी पडते. १९९७ साली अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाऊन या युद्धनौकेवर एका खलाशाने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं. प्रणालीने त्या शून्याने भाग द्यायचा प्रयत्न केला, संगणकांचं जाळं कोसळलं आणि नौकेची इंजिनं बंद पडून ती काही तास समुद्रात जागच्या जागी उभी राहिली.

आपल्या जुन्या गणितींनी काय म्हटलं होतं

शून्याने भागायचा प्रश्न सरळ अंगावर घेणारे पहिले गणिती आपल्याकडचेच. ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये, आजच्या राजस्थानातल्या भीनमाळ इथे, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य, शून्याने गुणलं की शून्य, हे नियम त्यांनी मांडले. शून्य भागिले शून्य मात्र शून्य, असं त्यांनी म्हटलं. ताळा जुळतो, पण आपण पाहिलं तसा तो कुठल्याही आकड्याचा जुळतो. नवव्या शतकात कर्नाटकातल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त म्हटलं की शून्याने भागल्यावर संख्या बदलत नाही. ५ ÷ ० = ५ धरलं तर ० × ५ = ५ व्हायला हवं, तिथे ताळा तुटतो.

आणि मग भास्कराचार्य, जन्म १११४. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची वंशावळ आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंदही. ३/० अशा राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. ही राशी अनंत आहे आणि तिच्यात काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही, असं ते ‘बीजगणिता’त सांगतात. शून्याजवळ गेल्यावर भागाकार अमर्याद वाढतो, हे त्यांना दिसलेलं असावं.

‘लीलावती’त त्यांनी घातलेलं एक उदाहरण तर मला फार आवडतं. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्धं मिळवलं, तीनने गुणलं, शून्याने भागलं, उत्तर आलं ६३. ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचा नियम असा, की पुढे शून्याने भागायचं बाकी असेल तर शून्याने गुणलेली संख्या लगेच पुसून टाकायची नाही, गुणाकार तसाच मांडून ठेवायचा. शेवटी वरचं शून्य आणि खालचं शून्य जातं, उरतं संख्येची दीडपट आणि तिची तिप्पट, म्हणजे साडेचार पट. ६३ ÷ ४.५ = १४, आणि ‘लीलावती’तही १४ हेच उत्तर दिलं आहे.

आजच्या नियमांनी ही मांडणी परीक्षेत चालणार नाही, ०/० कापता येत नाही हे आपण पाहिलंच. पण शून्याच्या जागी ०.००१ घेऊन तेच गणित करा: १४ × ०.००१ = ०.०१४, अर्धं मिळवून ०.०२१, तिप्पट ०.०६३, भागिले ०.००१, उत्तर ६३. ०.००००१ घ्या, तरी ६३. अकरावीत सीमा हा भाग सुरू झाला की (क्ष² − ९)/(क्ष − ३) सारखी उदाहरणं येतात. क्ष = ३ घातलं की ०/०. मग शिक्षक सांगतात, क्ष ला ३ च्या जवळ न्या, पण ३ होऊ देऊ नका. (क्ष − ३) शून्य नसल्यामुळे आता तो कापता येतो, उरतं क्ष + ३, आणि सीमा येते ६. कॅल्क्युलेटरवर क्ष = ३.०१ घालून पाहा, उत्तर ६.०१ येईल, २.९९ घाला, ५.९९ येईल.